साच्याबाहेरचा एक सिनेमा सुचवा (नट ओळखीचा, भूमिका अनोळखी)

चौथी_रांग
मंडळी, 'वीकेंडला काय बघू' छापाचे धागे आपल्याकडे पोत्याने पडलेत आणि दरवेळी तीच यादी फिरून येते. बनवाबनवी, सैराट, श्वास, पुन्हा बनवाबनवी. म्हणून यावेळी अट घालतोय.

आपण सगळ्यांनी मिळून ज्यांना एका साच्यात बसवलंय असा एक नट किंवा नटी घ्या, आणि त्या साच्यातून ते बाहेर पडले तो सिनेमा सांगा. नुसतं नाव टाकून पळायचं नाही. काय बघायचं, कुठे बघायचं तेही लिहा. हिंदीतली कामं अवांतर.

सुरुवात मीच करतो. निळू फुले. नाव काढलं की धोतर, टोपी, तिरकी नजर आणि वाड्यावर बोलावणारा पाटील. मिमिक्रीवाल्यांनी तर त्या आवाजाचं पार चिपाड करून टाकलं. आता 'सिंहासन' (१९७९) लावा. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्या, पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. निळूभाऊ त्यात दिगू टिपणीस नावाचे पत्रकार आहेत. मुख्यमंत्र्यांना निनावी फोन येतो, अर्थमंत्री डाव टाकायला बसलेत, कामगार पुढारी स्वतःचं वेगळंच शिजवतोय, आणि हा माणूस सगळीकडे हजर. त्याला सगळं कळतं. करता काहीच येत नाही.

निम्म्या प्रसंगांत तो फक्त ऐकतो. समोरचा पुढारी बोलत असताना कॅमेरा दिगूवर असला की बघा, डोळ्यांत 'थाप मारतोयस' असं स्वच्छ लिहिलेलं असतं आणि तोंडावर नम्र कंटाळा. इतका वेळ आत कोंबलेलं सगळं शेवटी हसण्यातून फुटतं. त्या हसण्याबद्दल जास्त लिहीत नाही, ज्यांनी पाहिलं नसेल त्यांचा विरस नको.

टंकनकंटाळा
+१. वाचनखूण साठवली.

रंकाळ्याचा_वारा
'सिंहासन' काढलासा तर आमच्या अरुण सरनाईकांना सोडून कसं चालंल? गळ्यात गाणं असलेला कोल्हापूरचा देखणा गडी. 'घरकुल'मधलं 'पप्पा सांगा कुणाचे' त्यांच्याच आवाजात हाय, हे कित्येकांना ठाऊकच नसतं. तमाशापटातला रुबाबदार हिरो म्हणून लोकांनी डोक्यावर घेतलेला माणूस.

आणि इथं मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे. आवाज चढवत नाहीत, टेबलावर हात आपटत नाहीत. खुर्ची जाणार म्हणून घाबरलेत की सगळ्यांना खेळवतायत, हे शेवटपर्यंत कळू देत नाहीत. आजकाल पडद्यावरचा पुढारी म्हटलं की पांढरे बूट, गॉगल आणि गळ्यात सोन्याचा दोरखंड. त्या दिग्दर्शकांना धरून बसवून हे दाखवा एकदा. १९८४ मध्ये गाडीच्या अपघातात गेले. अजून किती केलं असतं!

खिडकीशेजारची
माझं एक पथ्य आहे, तुम्हीही पाळून बघा. 'सामना' आणि 'सिंहासन' लागोपाठ बघायचे, मध्ये फक्त जेवणाची सुट्टी. 'सामना'त निळूभाऊ साखर कारखान्याचे सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील, आणि गायब झालेल्या मारुती कांबळेचा माग सोडायला तयार नसलेले, दारूत बुडालेले मास्तर म्हणजे डॉ. श्रीराम लागू. 'सिंहासन'मध्ये लागू अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे, सत्तेसाठी हपापलेले. आणि न सुटणाऱ्या प्रश्नांमागे फिरणारा माणूस निळूभाऊ. लेखक तेच, दिग्दर्शक तेच, मधली वर्षं जेमतेम चार-पाच, आणि दोघांनी जागा बदलल्या. आपल्याला मात्र त्यातला हिंदुरावच लक्षात राहिला.

चौथी_रांग
@खिडकीशेजारची, हे भारी. लागोपाठ कधी बघितले नव्हते, या रविवारी बसतो.

बारावीपास_नाना
मी इथे बहुतेक सगळ्यात लहान. खरं सांगायचं तर उपेंद्र लिमये हे नाव मला 'अ‍ॅनिमल'मधल्या फ्रेडीमुळे कळलं. दहा मिनिटांत थिएटर डोक्यावर घेतलं माणसाने. कॉलेजात सगळे त्याचीच नक्कल करत होते. त्यांचं साच्याबाहेरचं काय बघू? की मुळात त्यांचा साचा तोच आहे?

निपाणीचा_तंबाखू
अरे नाना, उलटं आहे. तुमच्या पिढीने जो बघितला तो साचा नवा आहे.

'जोगवा' (२००९) बघ. राजीव पाटील दिग्दर्शक. उपेंद्र लिमये तायप्पा. धडधाकट, रांगडा पोरगा, देवीच्या नावाने त्याला सोडतात आणि लुगडं नेसवतात. जोगता करतात त्याचा. मुक्ता बर्वेची सुली तशीच सोडलेली जोगतीण. दोघांनाही लग्नसंसाराला बंदी.

मी सीमाभागातला. सौंदत्तीच्या यल्लमाच्या यात्रेला जाणाऱ्या गाड्या, डोक्यावर जग (देवीची टोपली) घेतलेल्या जोगतिणी, चौंडकं या वाद्याचा आवाज, हे आमच्या लहानपणी दारातून जायचं. त्यामुळे सिनेमावाले आता काय दिवे लावतात म्हणून मी जरा रोखूनच बघायला बसलो होतो. लिमयेंनी एक गोष्ट फार नेमकी पकडली. तायप्पा बायकी वागायला 'शिकत' नाही, तो लुगड्यात अवघडलेला पुरुषच राहतो. पदर खांद्यावर टिकत नाही, चाल बदलत नाही, हात कुठे ठेवायचे कळत नाही. दुसऱ्या कुणी लचकत-मुरडत टाळ्या घेतल्या असत्या. इथे त्याची शरम आपल्या अंगावर येते. या कामासाठी त्यांना उत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'जीव रंगला'ची रिंगटोन सगळ्यांनी लावली, सिनेमा मात्र किती जणांनी अख्खा पाहिला देव जाणे. कथेमागे राजन गवसांचं लेखन आहे, 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' मिळालं तर वाच.

बारावीपास_नाना
बापरे. 'जीव रंगला' त्यातलं आहे??

टंकनकंटाळा
नाना, बस खाली.

डाउन_स्लो
लक्ष्मीकांत बेर्डे. 'एक होता विदूषक' (१९९२). हे नाव येणारच होतं, म्हणून डोंबिवली यायच्या आत लोकलमध्येच टाइप करतोय.

लक्ष्या पडद्यावर आला की लोक संवादाच्या आधीच हसायचे. असा माणूस घेऊन जब्बार पटेलांनी त्याला सोंगाड्याचा जन्म दिला. आई तमाशातली (मधु कांबीकर, काय काम केलंय!), पोरगा आबुराव फडावर वाढतो, लोकांना हसवता हसवता सिनेमाचा स्टार होतो, मग राजकारण्यांना त्याची गर्दी हवी असते. पटकथा-संवाद पु.लं.चे, गाणी ना. धों. महानोरांची, संगीत आनंद मोडकांचं. यात लक्ष्याची नेहमीची घाई नाही. शब्द गिळणं, डोळे गरागरा फिरवणं, सगळं आवरलेलं. जिथे विनोद येतो तिथेही तो आबुरावचा धंदा म्हणून येतो, आपल्याला गुदगुल्या करायला नाही. लोक नेहमीचा लक्ष्या बघायला गेले आणि हिरमुसून परत आले. सिनेमा चालला नाही. पुढे कुणी त्याला असं काही द्यायच्या फंदातच पडलं नाही.

कडूकारलं
मतभेद नोंदवतो. बघितलाय, पूर्ण बघितलाय. लांबलाय. दुसऱ्या अर्ध्यात राजकारण आलं की पु.लं.ना बोलायचं असतं आणि आबुरावला नुसतं ऐकायचं असतं. गाणीही फार. निम्मी कापली असती तर सिनेमा उभा राहिला असता. लक्ष्या चांगलाच आहे, पण 'गंभीर काम केलं म्हणजे थोर काम केलं' हे आपलं जुनं दुखणं आहे. 'धुमधडाका'तलं त्याचं टायमिंग जमवून दाखवा आधी, मग बोलू.

रंकाळ्याचा_वारा
कारलेसाहेब, गाणी कापून तमाशा कसा दाखवनार? गण, गवळण, बतावणी, वग, सगळा डोलारा गाण्यावरच असतोय. लावणीचं बोलायचं तर त्यातल्या नृत्यदिग्दर्शनासाठी लक्ष्मीबाई कोल्हापूरकरांना राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय. मुंबईच्या डान्स मास्तरला नाही, फडावरच्या बाईला. तुम्ही नेमकं तेच कापायला निघालाय.

कडूकारलं
लक्ष्मीबाईंचं मान्य. तरी अर्धा तास कमी चालला असता.

डाउन_स्लो
टायमिंगबद्दल भांडण नाहीच. धाग्याची अट साच्याबाहेरची आहे, थोर काय ते नंतर ठरवू. धाग्याचा काश्मीर करू नका बुवा.

खिडकीशेजारची
इथवर सगळे पुरुष. मधु कांबीकर आल्या त्या कंसात. म्हणून आता मी जरा जागा अडवते.

गीतांजली कुलकर्णी, 'कोर्ट'. बऱ्याच जणांना त्या वेब सिरीजमधली प्रेमळ, चिडकी आई म्हणून माहीत आहेत. चैतन्य ताम्हाणेच्या या सिनेमात त्या सरकारी वकील आहेत. एका लोकशाहिरावर खटला आहे, त्याच्या गाण्यामुळे सफाई कामगाराने गटारात उतरून आत्महत्या केली असा आरोप. या बाई कोर्टात जुन्या कायद्यांची कलमं अशी एकसुरात वाचत जातात, जशी बँकेत मागच्या खिडकीवरची बाई पासबुकातल्या नोंदी वाचते. राग नाही, द्वेष नाही, नुसतं उरकणं.

आणि मग सिनेमा त्यांच्या मागे मागे घरी जातो. लोकलमध्ये शेजारणीशी साडीवर आणि तेलावर गप्पा, पोराला घेऊन घर, घरी गेल्या गेल्या स्वयंपाक. सुट्टीच्या दिवशी सगळं कुटुंब नाटकाला, आणि त्या नाटकात परप्रांतीयांवर विनोद, त्यावर सभागृह खदखदून हसतंय, त्याही हसतायत. मला तिथे घाम फुटला. त्या बाई वाईट नाहीत. त्या माझ्या डब्यातल्या आहेत. उद्या याच बाई थंडपणे कुणालातरी वीस वर्षं आत टाका म्हणतील आणि ५:४२ पकडतील. एवढं सगळं दाखवताना गीतांजलींनी एकदाही 'बघा, मी अभिनय करतेय' असं केलेलं नाही.

शाहीर झालेले वीरा साथीदार मुळात नट नव्हतेच, नागपूरचे कार्यकर्ते, 'विद्रोही' नियतकालिकाचे संपादक. एप्रिल २०२१ मध्ये करोनाने गेले.

कडूकारलं
'कोर्ट' बघताना मी झोपलो होतो हे नमूद करून ठेवतो. कॅमेरा एका जागी ठेवून दिग्दर्शक चहाला गेल्यासारखा.

खिडकीशेजारची
शेवटच्या प्रसंगात न्यायाधीश बाकड्यावर झोपलेले आहेत. तुम्ही योग्य संगतीत आहात.

टंकनकंटाळा
लोल. कारल्याला इनो द्या कुणीतरी.

ओंटारिओचा_गारठा
बायकांचा विषय निघालाय म्हणून. 'अस्तु' बघा, सुमित्रा भावे–सुनील सुकथनकरांचा. संस्कृतचे पंडित, स्मृतिभ्रंश झालेला, हत्ती दिसला म्हणून त्याच्या मागे चालत निघून जातो. मोहन आगाशे. आपण त्यांना 'घाशीराम कोतवाल'मधले नाना फडणवीस आणि एकूणच बेरकी माणसं म्हणून बघत आलो, इथे ते लहान मूल होतात. पण मी सांगणार आहे ती माहुताची बायको, चन्नम्मा. अमृता सुभाष. ती कानडी बोलते, पंडिताला तिचं कळत नाही, तिला पंडिताचं कळत नाही. त्याला ती भरवते आणि त्याची आई होऊन टाकते. यासाठी तिला साहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार होता.

आमच्या इथल्या मराठी मंडळाने हा सिनेमा दाखवला तेव्हा निम्मं सभागृह साठीच्या पुढचं होतं. सिनेमा संपल्यावर चहाच्या टेबलाशी सिनेमाबद्दल कुणी बोललंच नाही. सगळे भारतातल्या आईवडिलांकडे कोण असतं, रात्री कोण थांबतं, हेच एकमेकांना विचारत होते.

रच्याकने (जाता जाता), सुमित्राताईंचं आणखी एक काम सुचवते. 'द डिसायपल'मध्ये नायक दुचाकीवरून रात्रीचा ज्या माईंची व्याख्यानं ऐकत फिरतो, तो आवाज सुमित्रा भावेंचा आहे. दिग्दर्शिका म्हणून उभं आयुष्य गेलं आणि इथे चेहरा न दाखवता, फक्त आवाजावर भूमिका. धाग्याच्या अटीत बसतं ना?

चौथी_रांग
बसतं काय, पळतं.

आंब्याची_आढी
भावे–सुकथनकरांचाच पहिला मोठा सिनेमा 'दोघी' (१९९५) कुणी घेतला नाही म्हणून घेतो. सदाशिव अमरापूरकर म्हटलं की 'सडक'मधली महाराणी आठवून अजून दचकतो आपण. 'दोघी'त ते मुलींचे मामा आहेत. मोठीच्या लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाला अपघात होतो, पोरगी अपशकुनी ठरते, घर बसतं, आणि तिला मुंबईला नेण्याची वाट या मामातून जाते. त्यांना खलनायक करणं किती सोपं होतं! ते तसं करत नाहीत. नजर चुकवत राहतात. रेणुका दफ्तरदार आणि सोनाली कुलकर्णी दोघी बहिणी, उत्तरा बावकर आई. बाप कोण सांगा? सूर्यकांत. भालजी पेंढारकरांच्या सिनेमातला पिळदार मिशांचा मर्दगडी, इथे खचलेला, हताश म्हातारा. एका सिनेमात दोन साचे मोडलेत.

वऱ्हाडी_ठेचा
राजेहो, तुमची यादी पुण्या-मुंबईतच घुटमळून राह्यली. मायाकडून 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) लिहून घ्या. सतीश मनवरचा. गिरीश कुलकर्णी म्हटलं का 'देऊळ'चा भाबडा केश्या, नाहीतर 'वळू'तलं हसवणं. इथं तो किसना हाय, कापसाचा शेतकरी. शेजारच्यानं जीव देल्ला, आता याचं काय होते म्हणून बायको (सोनाली कुलकर्णी) धसका घेते. पोराले त्याच्या मागं लावते, गोडधोड रांधते, घरात कुठं दोर दिसला का पोटात गोळा. म्हातारी ज्योती सुभाष.

आता गंमत पहा. हा विषय म्हटला का टीव्हीवाले पयले रडकं संगीत लावतेत. इथं तुमी हसता. बायको पाळत ठेवते आन किसन्याले समजतच नाही का हिले झालं काय, इतका लाड काऊन चालू हाय. हसता हसता आभाळाकडं पाहाची पाळी येते, बस.

बोलीचं म्हणाल तं सिनेमातली वऱ्हाडी आयकून मी सहसा चॅनल बदलतो. सगळ्याले 'बे' लावलं का झाली वऱ्हाडी, असं वाटते त्याईले. इथं गिरीशभाऊनं हेल बरोबर पकडला, शब्द कमी वापरले. पुण्याचा माणूस हाय म्हणून मी एक-दोन जागी अडकलो असन, पण थांबलो नाही.

डाउन_स्लो
हा मी बघायला गेलो तेव्हा आमच्या इथे एकच शो होता, सकाळचा, आठवड्याच्या मधल्या वारी. तिकीट खिडकीवरचा पोरगा म्हणाला, 'काका, दहा जण जमले तर लावू.' आम्ही जमलो सात. त्याने तरी लावला, देव त्याचं भलं करो.

वऱ्हाडी_ठेचा
सात म्हंजे हाऊसफुल्लच म्हना.

बारावीपास_नाना
अतुल कुलकर्णी 'नटरंग' चालेल का? पैलवानाचा नाच्या होतो ते?

चौथी_रांग
नाही चालणार. जबरदस्त काम, पण ती आता त्यांची ओळखच झाली. 'देवराई' बघ त्याऐवजी. स्किझोफ्रेनिया झालेला तरुण, कोकणातलं घर आणि देवराई. घरच्यांना पेशंट सांभाळताना काय होतं ते त्यात फार नीट आलंय.

वेंगुर्ल्याचो_खाजा
अजून दशावताराचो विषय कसो निघूक नाय? आता प्रमाण मराठीत लिहितो, नायतर अ‍ॅडमिन ओरडतलो.

दिलीप प्रभावळकरांना साच्यात कसं बसवायचं हाच मुळात प्रश्न. चिमणराव तेच, तात्या विंचू तेच, टिपऱ्यांचे आबा तेच, मुन्नाभाईतले गांधीजी तेच. तरी माझी तक्रार होती की या माणसाला बहुतेक वेळा एकतर गोड म्हातारा करतात, नाहीतर मेकअपखाली गाडून टाकतात. 'दशावतार' (२०२५) मध्ये ते बाबुली मेस्त्री आहेत, आयुष्यभर दशावतारात कामं केलेला, नजर अधू होत चाललेला कलावंत. आणि मेकअप आहेच, पण तो बाबुलीचा. स्वतःच्या हाताने लावलेला.

आमच्याकडे जत्रेतला दशावतार रात्री उशिरा सुरू होतो. आधी आडदशावतार, त्यात गणपती, सरस्वती, भटजी, संकासुर. मग आख्यान. लिहिलेली संहिता नसते, पट्टीचा नट पायपेटीच्या सुरावर समोरच्याचं बोलणं झेलत पहाटेपर्यंत ओढतो. स्त्रीपार्टीही पुरुषच. मी हे आजोळच्या देवळासमोर गोधडीत बसून बघितलंय, त्यामुळे एक सांगतो: रंगणीत (खेळाच्या जागेत) उभं राहायची एक पद्धत असते. छाती काढून, वजन एका पायावर, मान किंचित वर, कारण समोर दिवा असतो आणि मागे काळोख. ऐंशी ओलांडलेल्या माणसाने ती पद्धत अंगात आणली. सिनेमाच्या दुसऱ्या भागात जे घडतं ते मला जरा जास्तच फिल्मी वाटलं, त्यातले खलनायक, म्हणजे खाणीवाले, फारच खाणीवाले आहेत. पण बाबुलीसाठी बघाच.

आंब्याची_आढी
फिल्मी वाटणं हा त्याचा गुण आहे हो. आख्यानात राक्षस राक्षसासारखाच येतो, त्याला करडी छटा नसते. सिनेमा तेच करतोय.

वेंगुर्ल्याचो_खाजा
ह्यां पटला.

कडूकारलं
प्रभावळकरांसाठी मी 'चौकट राजा' (१९९१) च म्हणेन. आणि त्यातही प्रभावळकरांच्या मतिमंद नंदूपेक्षा गणाकडे बघा. अशोक सराफ. नंदूचं काम सगळ्यांच्या डोळ्यांत भरतं, भरायलाच हवं. पण शेजारी उभं राहून, काही हिसकावून न घेता, नंदूला माणूस म्हणून वागवणारा गणा नसता तर तो सगळा सिनेमा हुंदक्यांत वाहून गेला असता. 'सुपरस्टार मामा' त्या वेळी काय जोरात होते आठवा, आणि तरी दुसऱ्याच्या सिनेमात बाजूला उभे राहिले.

'कळत नकळत'मध्येही तेच. विक्रम गोखले, सविता प्रभुणे, अश्विनी भावे यांच्या त्रांगड्यात घर मोडायला आलंय, आणि रुसलेल्या मुलांना सांभाळायला मामा. 'नाकावरच्या रागाला' हे गाणं त्यांनी स्वतः म्हटलंय. सूर थोडा इकडे-तिकडे आहे, म्हणूनच ते घरातल्या मामाचं वाटतं.

टंकनकंटाळा
कारल्याने गोड लिहिलंय. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

कडूकारलं
टायमिंगवाल्या नटांना गंभीर भूमिका जमतात, कारण कुठे थांबायचं ते त्यांना कळतं, एवढंच म्हणायचं होतं मघाशी. लक्ष्याबद्दलही.

डाउन_स्लो
भापो (भावना पोचल्या).

ओंटारिओचा_गारठा
शिवाजी साटम! 'सीआयडी' मालिकेतल्या दया आणि दरवाजा यांच्या पलीकडे. 'उत्तरायण' (२००४), बिपिन नाडकर्णींचा, जयवंत दळवींच्या 'दुर्गी' नाटकावरून. शाळेतले दोघे म्हातारपणी पुन्हा भेटतात, रघू आणि दुर्गी. नीना कुळकर्णी दुर्गी. माहेर, सासर सगळं सोसून कोपऱ्यात बसलेली बाई, आणि साठीचा रघू तिला सरळ लग्नाचं विचारतो. साटमांची ती हाताची बोटं फिरवण्याची लकब आठवते ना सगळ्यांना? इथे हात काय करतात बघा. काहीच करत नाहीत. मांडीवर नुसते पडलेले असतात आणि तरी त्यांच्याकडून नजर हलत नाही.

माझ्या सासूबाईंना हा फार आवडतो. सासऱ्यांना अजिबात नाही.

खिडकीशेजारची
:) सासऱ्यांना का नाही, यावर वेगळा धागा काढा.

निपाणीचा_तंबाखू
किशोर कदम राहिले. कवी सौमित्र म्हणून पावसाळी कविता ऐकून ज्यांनी त्यांना मऊ समजलंय त्यांनी 'फँड्री'तला कचरू बघावा. गावासमोर वाकलेला, घरात पोरावर खेकसणारा बाप. डुक्कर धरायचा तो लांबलेला प्रसंग तर माहीतच आहे. शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, पाठलाग करणारं सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं, आणि डुक्कर समोरून निघून जातं. थिएटरात लोक हसले तिथे. मग हळूहळू हसू थांबलं. कचरूच्या चेहऱ्यावर त्या वेळी ना राग, ना विनोद. एक काम राहून गेलं, आता पुन्हा धावायचं, एवढंच.

आणि त्याची बायको झालेल्या छाया कदम. आता 'लापता लेडीज'च्या मंजू माई म्हणून देशभर पोचल्या. त्या आधीपासून इथेच होत्या.

बारावीपास_नाना
एवढं सगळं बघायचं कुठे? यूट्यूबवर 'सिंहासन' शोधला तर प्रिंट अशी की मुख्यमंत्री कोण आणि शिपाई कोण कळेना. 'उत्तरायण' तर तुकड्यातुकड्यांत.

चौथी_रांग
हे खरं दुखणं आहे. पुण्यात असशील तर फिल्म अर्काइव्हच्या आणि फिल्म क्लबच्या खेळांवर नजर ठेव. मुंबईत प्रभात चित्र मंडळ अजून धडपडतंय. नाहीतर जुन्या डीव्हीडीवाल्यांकडे चक्कर, तिथे कधी कधी घबाड मिळतं. ओटीटीवर मराठी जुनं येतं आणि महिन्याभरात गायब होतं, तेव्हा दिसलं की 'नंतर बघू' म्हणायचं नाही.

बारावीपास_नाना
ओके. आई म्हणतेय तिलाही बघायचंय. 'जोगवा' आईसोबत चालेल ना?

निपाणीचा_तंबाखू
चालेल. आईला गवसांची कादंबरी माहीत असेल तर तीच तुला समजावून सांगेल. जेवणं मात्र आधी उरकून घ्या.

आजोळची_ओसरी
उशिरा आले. सगळं वाचलं आणि यशवंत दत्त कुठेच नाहीत? लोकांना ते 'सरकारनामा'तले मुख्यमंत्री म्हणून आठवतात, राजदत्तांचा 'शापित' (१९८२) बघा. वेठबिगारीत अडकलेला गडी, आणि समोर पुन्हा मधु कांबीकर, यावेळी कंसाबाहेर.